आधी पाण्याला विचारा

सदाशिव गोवंडे मास्तरांनी रसायनाच्या पहिल्या तासाला फळ्यावर चार नियम लिहिले, तेव्हा वर्गात मुलं सहा होती आणि परीक्षानळ्या पाच.

पहिला नियम, उजव्या पानावर शाईनं लिहायचं आणि डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृती काढायची. दुसरा, नळी फुटली तर फुटली त्याच दिवशी सांगायचं. तिसरा, कुठलीही वस्तू जिभेवर ठेवून बघायची नाही. चौथा नियम मास्तरांनी खडू दाबून लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या : जे दिसलं तेच लिहायचं. काय दिसायला हवं होतं ते पुस्तकाला ठाऊक आहे, त्याला पुन्हा सांगायची गरज नाही.

याशिवाय दिवाळीपर्यंत चाळीस मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ, दर शनिवारी चाचणी आणि होळीच्या आत वहीत पंधरा प्रयोग. मुलांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या नियमाचा उपयोग तिसऱ्याच दिवशी झाला. मास्तरांच्या कोपरानं एक नळी खाली गेली. त्यांनी ती त्याच दिवशी सांगितली. उरल्या चार.

साल एकोणीसशे साठच्या आगेमागे. गाव चाकसू, जयपूरहून टोंक रस्त्यानं पंचवीस मैल. मास्तर मूळचे मिरजेचे. जयपूरच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत मदतनीस होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांच्या नळ्या धुवत होते. चाकसूच्या हायस्कुलात नवा विज्ञानवर्ग निघणार, त्याला मास्तर हवा, असं कळल्यावर ते बायको सुमित्रा, मुलगी शुभदा आणि पुण्याहून मागवलेलं पंचांग घेऊन इथं आले. वर्गाला सरकारची मान्यता एका वर्षापुरती होती. वर्षअखेर जयपूरचे निरीक्षक येणार, प्रयोग बघणार. पसंत पडलं तर वर्ग कायम, नाही तर वर्ग बंद आणि रसायनांचं कपाट परत जयपूरला.

कपाट परत गेलं तर मास्तर त्याच्या मागोमाग जाऊन पुन्हा नळ्या धुवू शकले असते. वर्गातले पाच मुलगेही कुठल्या तरी काकाकडे जयपूरला राहिले असते. अडचण होती सहावीची. शुभदा पंधरा वर्षांची. तिच्या मामांचं पत्र तयार होतं : रसायन नसेल तर मुलीला मिरजेला पाठवा, इथं गृहविज्ञानाची उत्तम सोय आहे. शुभदानं ते पत्र वाचलं होतं.

"आई, गृहविज्ञान मतलब काय गं?"

"मी दिवसभर करते ते," सुमित्राबाई पोळी उलटत म्हणाल्या. "फक्त तिथं त्याला मार्क देतात."

खरी अडचण पहिल्या प्रयोगाला समजली. मास्तरांनी सहा पुड्यांत सहा वेगवेगळी लवणं दिली. पाण्यात विरघळवा, आम्लाचा थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. ज्यात क्लोराइड असेल तिथं पांढरं दिसेल, नसेल तिथं दिसणार नाही. सहाही जणांना पांढरं दिसलं. सहाही वह्यांत क्लोराइड लिहिलं गेलं. त्यातल्या चार पुड्यांत क्लोराइडचा मागमूस नव्हता.

मास्तरांनी नळीत नुसतं विहिरीचं पाणी घेतलं आणि थेंब टाकला. पांढरं.

"माट्साब, पाणी तो खारो छै," एक मुलगा म्हणाला. ही गोष्ट चाकसूतल्या गाईम्हशींनाही माहीत होती. चहा इथं फुटायचा, डाळ शिजायची नाही, आणि पितळेच्या लोट्यावर पांढरा थर बसायचा. रसायनशास्त्राला ती त्या दिवशी समजली.

तेव्हापासून वर्गात एक पाचवा नियम आला. तो फळ्यावर कधी लिहिला गेला नाही. काहीही करायचं तर आधी एका नळीत नुसतं पाणी घ्यायचं आणि त्याला तोच थेंब द्यायचा. पाणी काय म्हणतंय ते बघायचं, मग लवणाकडे वळायचं. मुलं याला 'पहले पानी से पूछो' म्हणत.

पण दर वेळी विचारत बसायला सिल्व्हर नायट्रेट पुरणार नव्हतं. आसुत जल हवं होतं, म्हणजे वाफेचं पाणी. त्याचं यंत्र जयपूरहून येणार होतं आणि जयपूरहून येणाऱ्या इतर गोष्टींसारखंच ते येत होतं.

गल्लीच्या तोंडाशी देवराम कुंभार राहायचा. साठीचा, तोंडभर देवीचे वण, एक डोळा त्यातच गेलेला. मास्तरांनी त्याला आकृती काढून दाखवली. देवरामनं ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली आणि आठ दिवसांनी मडकं आणून दिलं. मडक्याच्या झाकणाला चोच, चोचीत बांबूची नळी, नळीवर गुंडाळायला ओलं फडकं. झाकणाची फट सुमित्राबाईंनी कणकेनं लिंपली. मडकं चुलीवर चढलं आणि तासाभरानं नळीच्या टोकाशी पहिला थेंब लोंबायला लागला.

त्यानंतर गोवंड्यांच्या घरात दिवस थेंबांवर चालायला लागला. सकाळी चहा, मग पोळ्या, मग मडकं. सुमित्राबाईंनी फडकं दर पाच मिनिटांनी ओलं करायचं, जाळ कमीजास्त करायचा, धुरानं डोळे पुसायचे. विहिरीचे दोन घडे शुभदानं शाळेआधी आणायचे. त्यांतून वाफेचं अर्धा घडा पाणी निघायचं. मडक्याच्या तळाशी राहिलेलं मीठ खरवडायला मास्तरांना सांगितलं जायचं, आणि मास्तर ते आनंदानं खरवडत, कारण तेही एक निरीक्षण होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मराठणीच्या घरी चुलीवर मडकं, मडक्याला नळी, नळीतून थेंब. एका संध्याकाळी एक मिशाळ गृहस्थ रिकामी बाटली घेऊन दाराशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाभीजी, थोडी सी."

सुमित्राबाईंनी बाटली भरून दिली. गृहस्थ तिथंच अर्धी प्यायला, थांबला, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाला, "मीठो छै," म्हणजे गोड आहे. यापुढं तो रोज यायला लागला, पण पाण्यासाठी. मास्तरांनी शेवटी त्याचं येणं बंद केलं.

फेब्रुवारीअखेर जयपूरच्या कार्यालयाचं पत्र आलं : निरीक्षणासाठी सोयीची तारीख कळवा. हेडमास्तर विष्णूदत्तजी तेव्हा भाचीच्या लग्नाला बिकानेरला निघाले होते. टांग्यात एक पाय ठेवूनच ते म्हणाले, "गोवंडेजी, तारीख तुम्हीच द्या. कुठलीही द्या. फक्त चैत बदी आठम सोडून. त्या दिवशी शीतलामातेची जत्रा असते."

मास्तर नियमाचे पक्के. घरी येऊन त्यांनी पुण्याचं पंचांग काढलं. चैत बदी आठम म्हणजे चैत्र वद्य अष्टमी. ती एप्रिलात होती. त्यांनी मार्चमधला एक गुरुवार निवडला, होळीच्या आठ दिवसांनंतरचा, कसलाही सण नसलेला, आणि पत्रात वर लिहिलं की स्थानिक सणवारांचा विचार करूनच तारीख दिली आहे.

उत्तरेतला चैत्र होळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, हे पुण्याच्या पंचांगात छापलेलं नव्हतं. पुण्याला त्याची गरज पडत नाही.

बुधवारी सकाळी सुमित्राबाई पाणी भरायला गेल्या तर गल्लीतल्या प्रत्येक घरातून तळणाचा वास. पुऱ्या, गुळाचे पुए, बाजरीची राबडी. देवरामची बायको केसरबाई पुढ्यात परात घेऊन बसली होती.

"आज काय आहे हो?"

"आज रांधायचं, उद्या खायचं," केसरबाई म्हणाली. "उद्या बास्योडा. चैत बदी आठम. उद्या चूल्हो कोनी जळै. माता ठंडी रहै, टाबर राजी रहैं." म्हणजे उद्या गल्लीत चूल पेटणार नाही; माता थंड राहिली की पोरं सुखी.

सुमित्राबाई रिकामा घडा घेऊन घरी आल्या.

"अहो, उद्या ती आठम आहे."

"कुठली?"

"तुम्ही जी टाळलीत ती."

मास्तरांनी पंचांग काढलं. पंचांगात फाल्गुन वद्य होतं. त्यांनी ते सुमित्राबाईंपुढं धरलं. सुमित्राबाई म्हणाल्या, "हे देवीला दाखवा."

हेडमास्तर होळीच्या आदल्या दिवशी परत आले होते, पण फायली त्यांनी त्या बुधवारीच उघडल्या. मास्तर पोचले तेव्हा ते पत्राच्या नकलेवर हात ठेवून बसले होते.

"स्थानिक सणवारांचा विचार करून," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"तार करू या का?"

"साहेब दौऱ्यावर निघाले असतील. यंदाची पाळी गेली की पुढची पुढच्या मार्चमध्ये, आणि तुमची मान्यता संपते जूनमध्ये." हेडमास्तरांनी उठून दार लोटलं. "असं करा. खिडक्या बंद करा. स्पिरिटचा दिवा केवढासा असतो? धूरसुद्धा होत नाही. मातेला काय पत्ता?"

दिवा खरोखरच केवढासा होता. मास्तरांनी तो कपाटातून काढून कोटाच्या खिशात टाकला आणि दिवसभर त्यांचा हात त्या खिशात जात राहिला. दुपारी देवराम नव्या मडक्यांची गाडी जत्रेसाठी भरत होता. मास्तर उगाच तिथं थांबले.

"देवराम, अगदी छोटी ज्योत असेल तर? बोटाएवढी?"

देवरामनं मडकं पेंढ्यात नीट बसवलं. एका डोळ्यानं मास्तरांकडे बघितलं.

"माट्साब, आम्ही चार भाऊ होतो. एकाच वर्षी देवी आल्या. मी राहिलो." त्यानं दुसरं मडकं उचललं. "दिवा तुमचा, काडी तुमची. तुम्हाला कोण अडवणार? माझ्या हातचं भांडं तेवढं त्यावर ठेवू नका."

मास्तर घरी आले. त्यांनी शुभदाला लहानपणी दंडावर देवी टोचून घेतल्या होत्या, गल्लीतल्या मुलांनाही टोचायला जयपूरहून माणूस आणला होता, आणि ते सगळं देवरामला सांगता आलं असतं. त्यांनी दिवा खिशातून काढून फडताळात, पंचांगामागं ठेवून दिला.

"उद्या ज्योत नाही," ते म्हणाले.

"मी कधी म्हटलं आहे म्हणून?" सुमित्राबाई म्हणाल्या. त्या सकाळपासून चुलीपाशी होत्या. उद्या आसुत जलही होणार नव्हतं, म्हणून आजच पुरेल एवढं काढायचं होतं. एका बाजूला पुऱ्या, एका बाजूला मडकं, मध्ये त्या. दंडावर तेलाचा एक चटका होता. उन्हं कलताना घडा काठोकाठ भरला. मास्तर संध्याकाळी त्यातून बाटल्या भरून शाळेत ठेवणार होते. मग त्यांना लवणांच्या पुड्या मोजायच्या आठवल्या, मग नळ्या, मग शुभदाची वही. बाटल्या तेवढ्या राहिल्या.

सकाळी सात वाजता मास्तर रिकाम्या बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात आले. घडा पालथा होता.

"यातलं पाणी?"

"दिलं."

"कुणाला?"

"देवीला," सुमित्राबाई म्हणाल्या. "पहाटे केसरबाई आल्या. म्हणाल्या, भाभीजी, तुमचं मीठं पाणी मातेला घालू या, तिलाही वर्षभर खारंच. मी म्हटलं, तुमच्या बाटल्या तुम्ही काल भरल्यात, हे उरलेलं..." त्यांनी मास्तरांच्या हातातल्या बाटल्यांकडे बघितलं.

भांडायला वेळ नव्हता. मास्तरांनी ते संध्याकाळवर टाकलं आणि बाटल्या विहिरीवर भरल्या.

निरीक्षक नंदकिशोर माथुर यांची बस जत्रेच्या गर्दीत अडकली. ते एका यात्रेकरूच्या बैलगाडीतून, नवसाच्या दोन पोरांच्या मध्ये बसून शाळेत आले. टोपीवर धूळ, हातात डबा, चेहरा उतरलेला.

"चहा?" हेडमास्तरांनी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

"आज?" माथुरसाहेब म्हणाले. "माझ्या घरीही चूल बंद आहे. पहाटेपासून चहा नाही. तारीख कुणी दिली होती?"

मास्तरांनी हात वर केला. वर्गातल्या सहा मुलांनी ते बघितलं.

साहेबांनी फॉर्म काढला. त्यात रकाने होते : ज्योत, ज्योतीचे भाग, तापवणे, ऊर्ध्वपातन. त्यांनी प्रत्येकावर पेन टेकवलं आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तर प्रत्येक वेळी 'आज नाही' म्हणाले. चार वेळा म्हणाले.

"मग आज आहे काय?"

"मुलं आहेत, साहेब."

साहेबांनी खिशातून एक पुडी काढली. ती त्यांनी जयपूरहून बांधून आणली होती, मास्तरांनाही ठाऊक नसलेली. "ही तुमचीच मुलगी ना? हिलाच देतो. बघू, घरी काय शिकवता."

शुभदा उठली. वर्गात तेव्हा तीन नळ्या शिल्लक होत्या. तिनं पुडीतली पांढरी भुकटी एका नळीत घेतली, विहिरीचं पाणी ओतलं आणि हलवायला लागली. हलवता हलवता थांबली. नळी दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या. मग साहेबांपुढं धरली.

साहेबांनी हात लावला. बाहेर मार्चचं ऊन होतं, आणि नळी विहिरीच्या तळासारखी गार होती. त्यांनी ती गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ धरून ठेवली.

मागच्या बाकावरून कुणी तरी पुटपुटलं, "नौसादर," म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याकडे सगळ्या गावानं तो बघितलेला होता. शुभदानं ऐकलं, पण लिहिलं नाही. तिनं वहीत लिहिलं : पाण्यात टाकल्यावर नळी गार झाली. मग देवरामच्या पणतीत थोडी भुकटी आणि पानवाल्याकडचा चुना घेऊन काडीनं घोटलं. पणती नाकाजवळ नेली आणि झटक्यानं लांब केली. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनीही अमोनियाचा तो वास घेतला आणि रुमाल काढला. ज्योतीशिवाय दोन गोष्टी झाल्या होत्या.

मग तिनं दुसऱ्या नळीत नुसतं पाणी घेतलं, दोन्हींत आम्लाचा थेंब टाकला आणि सिल्व्हर नायट्रेटची काळ्या कागदातली बाटली उचलली.

"ए, ए," साहेब पुढं झाले. "पाण्यात कशाला वाया घालवतेस?"

"सर, पहले पानी से पूछते हैं," शुभदा म्हणाली.

पाण्यातला थेंब ताकाच्या निवळीसारखा पांढुरका झाला. लवणाच्या नळीत तोच थेंब पडला तेव्हा दही विरजल्यासारखे गठ्ठे झाले. तिनं दोन्ही नळ्या खिडकीशी शेजारी शेजारी धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि लिहिलं. साहेबांनी वही ओढून घेतली.

"'पाण्यातही आहे, पण थोडं. लवणाच्या नळीत पुष्कळ जास्त. म्हणून लवणात क्लोराइड आहे असं म्हणता येईल.' म्हणता येईल? आहे की नाही ते सांग."

"सर, आसुत जल असतं तर 'आहे' असं लिहिलं असतं."

"मग आसुत जल का नाही?"

हे त्यांनी मास्तरांना विचारलं. हेडमास्तर खोकले. ते खोकणं यंत्र जयपूरहून न आल्याबद्दल होतं, आणि ते कारण खरंही होतं. मास्तरांनी फळ्याकडे बघितलं. चौथ्या नियमाखालच्या दोन रेघा जुलैपासून कुणी पुसल्या नव्हत्या.

"होतं, साहेब. कालच घरी काढलं होतं. आज पहाटे देवीला घातलं."

"कुणी?"

"आमच्या घरातून."

साहेबांनी शुभदाला वही परत दिली. "हेही लिही. पाणी का नव्हतं ते. कारण नसलेलं निरीक्षण अर्धं असतं."

त्यांनी डबा उघडला. गार पुऱ्या होत्या. सहा मुलांना एकेक दिली, स्वतः दोन खाल्ल्या, लोट्यातलं पाणी प्यायले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"क्लोराइड," ते म्हणाले. "यात 'म्हणता येईल' नाही."

मग फॉर्मच्या चार रकान्यांत त्यांनी 'बाकी' लिहिलं आणि खाली शेरा मारला : वर्ग कायम करावा. ज्योत पुढील भेटीत पाहावी. सही करून ते मास्तरांकडे वळले. "पुढची तारीख मी देईन. तुम्ही नका देऊ."

शुभदानं दुसऱ्या नियमाप्रमाणं लगेच सांगितलं की गडबडीत तिच्या हातून एक नळी फुटली आहे. उरल्या दोन.

संध्याकाळी बापलेक घरी निघाली तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. सुमित्राबाई घरी नव्हत्या. त्या कुंभारगल्लीच्या टोकाला, कडुनिंबाखाली देवीच्या दगडापाशी उभ्या होत्या, नवरा शाळेतून कोणत्या चालीनं येतो ते बघत. सकाळचं भांडण मास्तरांनी दिवसभर जपून आणलं होतं.

"झालं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"झालं. कायम. मामाला पत्र घाल."

सुमित्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं, उगाचच. मग म्हणाल्या, "पाण्याचं माझं चुकलं."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांचं लक्ष दगडाकडे गेलं. देवरामनं काल तो वाळूनं घासून काळाभोर केला होता. सकाळपासून गल्लीतल्या बायकांनी लोटे ओतले होते. ते पाणी वाळल्यावर दगडाच्या डाव्या अंगावर वरपासून खालपर्यंत पांढरे ओघळ उठले होते, चुन्याची बोटं ओढल्यासारखे. उजवं अंग मात्र काळंच होतं. एक डाग नव्हता.

"इकडच्या बाजूला कुणी ओतलं?"

"मी आणि केसरबाईंनी. आपला घडा."

मास्तर खाली बसले. त्यांनी उजव्या अंगावर बोट फिरवलं, बघितलं. डाव्या अंगावर फिरवलं, बघितलं. जिभेकडे जाणारं बोट तिसऱ्या नियमामुळे वाटेतच थांबलं. वर्षभरात त्यांच्या वर्गात इतका स्वच्छ प्रयोग झाला नव्हता.

"शुभदा, वही काढ."

"इथं? बाबा, लोग देख रहे हैं."

"बघू देत. दिसलं ते लिही. डावी बाजू, उजवी बाजू. आणि पाणी कुणी तयार केलं तेही लिही. पूर्ण नाव."

शुभदानं दगडाशेजारी बसून लिहिलं. देवराम जत्रेतून रिकामी गाडी घेऊन परतला होता. तोही एका डोळ्यानं वाकून बघत राहिला. आकृती काढायला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिनं डाव्या पानावर पेन्सिलीनं काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पुन्हा धूर झाला. सुमित्राबाईंनी चहाआधी मडकं चढवलं आणि नळीशेजारी दोन घडे आणून ठेवले.

"दोन कशाला?" मास्तरांनी विचारलं.

सुमित्राबाई फुंकणीनं जाळ करत राहिल्या.

मास्तरांनी खिशातला खडू काढून एका घड्यावर 'शाळेचा' असं लिहिलं. दुसऱ्यावर, बराच विचार करून, 'शाळेचा नाही' असं लिहिलं आणि फडकं ओलं करायला बसले.